कलाबाईच्या अंगणात विसरलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे. माझं कापड विटलंय, एक काडी मोडलीय आणि मूठ सुतळीने बांधलेली आहे. पण मित्रांनो, हसायची सवय काही गेली नाही.

चांद्याच्या गुणवंतराव मास्तरांनी मला १९५४ साली आणलं आणि त्याच दिवशी पेंटरकडून माझ्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत नाव घालून घेतलं: 'गुणवंतराव मास्तर, चांदा'. सगळ्या छत्र्या काळ्या, मग हरवलेली ओळखायची कशी? त्या काळी सगळेच असं करीत.

चांद्यात छत्री पावसापेक्षा उन्हालाच जास्त लागते. दर रविवारी सकाळी मास्तर मला घेऊन परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या गल्ल्या हिंडत. त्यांना गल्ल्यांचं वेडच होतं. जटपुरा गेटातून शिरायचं आणि आज कुठल्या नव्या बोळातून पठाणपुऱ्याकडे निघता येतं ते बघायचं. एक बोळ तर इतका अरुंद होता की मला मिटूनच जावं लागे. त्याच बोळात आम्हाला कलाबाईचं घर सापडलं. ओट्यावर पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे होते, आणि आतल्या अंगणात द्रोणातून चोरून मोहाची दारू विकली जात होती.

मास्तर तर गावोगाव दारूबंदीवर व्याख्यानं देणारे. ते आल्या पावली परत फिरले होते, पण तेवढ्यात कढईतल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा वास आला. पिणाऱ्यांना तोंडी लावायला कलाबाई ते तळत असे. मास्तर विरघळले. तेव्हापासून आमचा रविवार तिथेच जाऊ लागला. दारूच्या थेंबाला ते शिवले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. पण शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक शिंदीच प्याला म्हणणार. म्हणून मास्तर तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसत आणि वडा खालून आत सरकवत. तिथे बरेच जण तसेच बसत. कोणी कोणाचं नाव विचारायचं नाही, असा त्या अंगणाचा रिवाजच होता. माझ्या पाठीवर मात्र भलंमोठं नाव, म्हणून मला घट्ट मिटून खुंटीला टांगलं जाई.

एका वैशाखात मास्तरांच्या इंदूचं लग्न जुळत आलं. मुलगा बल्लारपूरच्या कागद गिरणीत कामाला होता आणि इंदूला तो मनापासून आवडला होता. मुलाचे वडील मुखरूभाऊ यांची मास्तरांशी अजून गाठ पडली नव्हती. त्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप धाडला होता, "ज्या घरी दारूचं नाव, तिथी सोयरीक नाई." रविवारी दुपारी ते बोलणी पक्की करायला येणार होते.

शहाण्या माणसाने त्या सकाळी घरी बसावं. पण मास्तर म्हणाले, "दोन वडे खाऊन येतो." दुसरा वडा हातात होता तोच कोणीतरी ओरडलं, "अबकारीचा शिपाई आला." मग एकच पळापळ झाली. मास्तर मागच्या दाराने पसार झाले आणि मी खुंटीवरच राहिले. तेवढ्यात एका जाड हाताने मला ओढलं. त्या गृहस्थाची स्वतःची छत्री शेजारच्या खुंटीवर होती, पण घाईत त्याने मलाच उचललं.

दुपारी तो मला उघडून निघाला. तो माझ्याखाली, त्यामुळे त्याला नाव दिसेना. रस्त्यातली माणसं मात्र वाचून गालात हसत होती. चालता चालता वाट ओळखीची वाटू लागली, आणि आम्ही थांबलो ते मास्तरांच्याच दारात. तो गृहस्थ म्हणजे मुखरूभाऊ होते.

मास्तरांनी मला बघताक्षणी ओळखलं, पण हूं की चूं केलं नाही. मी कोपऱ्यात उभी होते. तो तास मला फार जड गेला. माझा माणूस समोर, आणि तो मला आपली म्हणेना.

पाहुणे निघाले तेव्हा मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, सुगंधाबाईंनी, मला उचललं आणि घडीत अक्षरं दिसली म्हणून उघडून पाहिलं. "मुखरूभाऊ, तुमच्या छत्रीवर आमच्या गुणवंताचं नाव काऊन?"

मुखरूभाऊंनी वाचलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. दाराआड इंदूने पदर मुठीत धरला. 'मीच दिली होती' एवढं म्हटलं असतं तर मास्तर सुटले असते. त्यांनी एकदा इंदूकडे पाहिलं.

"छत्री माही हाये," ते म्हणाले. "सकाळी कलाबाईच्या अड्ड्यावर विसरलो. दारू नाई प्यालो, वडे खाल्ले. आता खरं माना का खोटं, पण पोरीले खोट्यावर नाई देत."

मुखरूभाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसला. मग म्हणाले, "मले खरं वाटते. मी बी थे वडेच खायाले गेलो होतो."

"दोघंही वडेच?" सुगंधाबाईंनी कपाळाला हात लावला.

एवढ्यात मागच्या दाराने कलाबाई आली. तिच्या एका हातात मुखरूभाऊंची छत्री होती आणि दुसऱ्या हातात पत्रावळीत बांधलेला पुडा. दुपट्ट्याआडचे मास्तर तिने केव्हाच ओळखले होते, पण तिला वाचता येत नव्हतं, म्हणून खुंटीवर उरलेली छत्री ती त्यांचीच समजली होती. "मास्तरभाऊ, तुमची छत्री राहून गेली. अन् तो शिपाई नोहता, डाकवाला होता. खाकी कपडे पाहूनच पळाले सारे." मग तिचं लक्ष मुखरूभाऊंच्या दुपट्ट्याकडे गेलं; अड्ड्यावर ते तोच तोंडाला गुंडाळून बसत. "हे बी इथीच? बाई, या दोघायनं माह्या अंगणात कधी थेंब नाई घेतला. असेच गिऱ्हाईक येत राह्यले, तर मले भट्टी बंद करून वडेच तळा लागन."

आधी सुगंधाबाई हसल्या, मग सगळं घर हसलं. इंदू दाराआडून बाहेर आली, तिने पुडा सोडला आणि पहिला वडा आपणच उचलला. ज्येष्ठात लग्न झालं. पंगतीचे वडे कलाबाईने तळले, आणि पुढे तिला लग्नघरांची इतकी बोलावणी येऊ लागली की भट्टीची खरंच राख झाली.

आता मास्तर नाहीत. मी बल्लारपूरला इंदूच्या माळ्यावर असते. कोणी मला उघडत नाही, याचं थोडं वाईट वाटतं. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, मोडलेली काडी वेळेवर बसवून घ्या. आणि कुठे विसरलात, तर जागा कशीही असो, परत न्यायला लाजू नका. मास्तरांनी चारचौघांत मला 'माही' म्हटलं, आणि त्या एका शब्दावर इंदूचा संसार उभा राहिला.