भैरवनाथासमोरची कमळाची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी खिडकी आहे, आणि जुनी असल्याचा मला भारी अभिमान आहे. इंदापूर तालुक्यात कळसच्या पुढे आमची वाडी लागते. तिथल्या भैरवनाथाच्या देवळात, देवासमोरच्या भिंतीत मी बसले आहे.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. मधोमध आरपार कोरलेले कमळ, भोवती वेल आणि दोन बाजूंना दोन हंस. एका हंसाची चोच त्याने जरा जास्तच वाकवली, म्हणून तो कायम रुसलेला दिसतो. सकाळचे ऊन माझ्यातून आत शिरले की देवाच्या पायांवर उजेडाचे कमळ उमटे. लोक ते पाहायला मुद्दाम लवकर येत.

पण मित्रांनो, लोकांच्या मायेनेच माझा घात केला. दर जत्रेआधी मला ऑइलपेंट लागे. सावळारामतात्या तरुणपणापासून ही सेवा करत. एका वर्षी पिवळा, पुढच्या वर्षी हिरवा. जुना रंग खरवडायची पद्धतच नव्हती. थरावर थर चढले, कमळाची भोके बुजली, हंस लाडवांसारखे गोल झाले आणि देवळात अंधार झाला. मला फार वाईट वाटे.

यंदा जीर्णोद्धार निघाला. देवाला उजेड हवा म्हणून तात्यांनी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणली आणि मला फोडून काढायचे ठरवले.

तेव्हा त्यांची चुलती साखरबाई माझ्यासमोर ठाण मांडून बसली. नवी नवरी होती तेव्हा तिने ते कमळ पाहिले होते. ती म्हणाली, "फोडायच्या आदी एकदा धुऊन तर बघ."

बारामतीहून रंग काढायचे औषध आले. खुरपणी आटोपून बायका जमल्या आणि बांबूच्या कामट्यांनी माझा रंग सोलू लागल्या. रुसका हंस बाहेर आला तेव्हा सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी ऊन वर आले आणि देवाच्या पायांवर माझे कमळ पुन्हा उमटले!

तात्यांनी त्या उजेडात हात धरून पाहिला. मग म्हणाले, "काकी, उजेड हितंच व्हता. मीच बुजवला."

"आता जत्रंला रंग न्हाय, पानी आण," साखरबाई म्हणाली.

सरकती खिडकी दुकानात परत गेली. आता पार बावड्याहून लोक मला पाहायला येतात, आणि मी ताठ मानेने मिरवते.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझी एखादी बहीण रंगाखाली गुदमरत असेल. तिला नटवू नका, नुसती धुवा. यंदाच्या जत्रेआधी तात्या शिडीवर चढले, तेव्हा त्यांच्या हातात ब्रश नव्हता, पाण्याची बादली होती.