पहिला हक्क

शोभाताई आणि माधवराव पुण्याहून ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला मुलाकडे, सलिलकडे आले ते हिवाळा काढून परत जायचं म्हणून. एका संध्याकाळी माधवराव दूध आणायला निघाले, उभ्या गाड्यांमधून रस्त्यावर उतरले आणि एका भरधाव पिकअप गाडीने त्यांना उडवलं. विमानाने पर्थला नेलं, ऑपरेशनं झाली, जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं ते गेलंच.

व्हिजिटर व्हिसा, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे तिथले सरकारी उपचार नाहीत. प्रवासाचा विमा तुटपुंजा, तो बघता बघता संपला. पण नुकसानभरपाईचा दावा चालू होता, आणि शोभाताईंनी त्याच्या भरवशावर पुण्यातलं सगळं बेतून ठेवलं होतं. तळमजल्यावर भाड्याची जागा घ्यायची, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यांना उचलायला एक दणकट माणूस ठेवायचा.

त्या दुपारी सलिल वकिलीणबाईंचा फोन ठेवून स्वयंपाकघरात आला.

"आई, केस सेटल झाली. अर्धेच मिळाले. बाबा न बघता उतरले, म्हणून अर्धी चूक त्यांची धरली."

"अर्धे तर अर्धे."

"त्यातून आधी हॉस्पिटल आपलं बिल घेणार. पहिला हक्क त्यांचा. आणि ते बिल काही अर्धं होत नाही."

"मग आपल्याला?"

"वकिलांची फी जाऊन परतीची तिकिटं निघतील. बाबांना आडवं न्यायचं, त्यांना जास्तीच्या सीट्स लागतील."

शोभाताईंनी गॅस बंद केला. हॉस्पिटलवर धड रागावताही येईना. तिथल्या नर्सनी यांना लहान मुलासारखं जपलं होतं. निघताना शोभाताई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

"मी लोन काढतो," सलिल म्हणाला.

"आधीचं फेडतोयस ना अजून?"

तेवढ्यात माधवरावांनी आतून हाक मारली. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सलिल, मी रस्त्यातच गेलो असतो, तर तुझ्या आईच्या हाती काही उरलं असतं का रे?"

खाणीत अख्खी शिफ्ट सांभाळणारा सलिल दारातच थांबला.

"खरं सांग."

"गप्प राहा तुम्ही," शोभाताई म्हणाल्या. "कुशीवर वळवायची वेळ झालीय."

त्यांनी एक हात माधवरावांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. सलिल पुढे झाला, तर शोभाताईंनी मानेनेच नको म्हटलं. पुण्यात तो असणार नव्हता. त्यांनी जोर लावला. माधवराव अर्धे वळले आणि पुन्हा पाठीवर आले. शोभाताईंनी पदर खोचला आणि पुन्हा जोर लावला.