सातव्या खांबाची बाई

"पुढचा गट तुमचाच ना? मग मी पण येते बरोबर," पुरातत्त्व खात्याच्या नव्या अधिकारी बाई म्हणाल्या आणि गाईडकाकांनी आवाजाकडे मान वळवली.

"या की," ते म्हणाले. "आम्हाला काय, बारा माणसं काय नि तेरा काय."

तोंडानं बोलले खरे, पण बाईंचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. समोर एक निळसर आकृती होती आणि तिच्या हातात काहीतरी पांढरं. फॉर्म असणार. पंचावन्नच्या पुढच्या गाईडांची तपासणी होणार, डोळे, कान, पाय आणि माहिती बघून बिल्ला ठेवायचा की काढायचा ते ठरणार, ही बातमी आठवडाभर देवळाच्या आवारात फिरत होती. काका एकसष्ट वर्षांचे. एकतीस वर्षं तो पितळी बिल्ला त्यांच्या डाव्या खिशावर होता. तो गेला की देवळात इतरांसारखं तिकीट काढून यायचं आणि तोंड मिटून फिरायचं. काका तोंड मिटून फिरू शकतील असं त्यांना ओळखणाऱ्या एकाही माणसाला वाटलं नसतं.

नजर दोन वर्षांपूर्वी कडांकडून धूसर व्हायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, गेली ती परत यायची नाही, उरली ती सांभाळा. काकांनी थेंब घातले, देवाला हात जोडले आणि कुणाला काही सांगितलं नाही. आता नुसता उजेड, अंधार आणि धूसर रंग कळत होते. पण देऊळ त्यांना पाठ होतं. दारापासून पहिल्या खांबापर्यंत एकोणीस पावलं, खांबापासून खांबापर्यंत सहा, गाभाऱ्याचा उंबरठा वीतभर उंच. दगड कुठे जात नाहीत, या एका गोष्टीवर काकांनी दोन वर्षं निभावून नेली होती.

घरात मात्र खुर्च्या जागा बदलतात. सकाळीच सुनेनं त्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं होतं.

"बाबा, मी येऊ का आज सोबत?"

"कशाला? मला काय पहिल्यांदा शाळेत जायचंय?"

"काल तुम्ही रिकाम्या खुर्चीशी पाच मिनिटं बोलत होतात. मी मागे कणीक मळत होते."

"ती खुर्ची निदान मधेमधे बोलत नाही," काका म्हणाले. एरवी ती हसली असती. आज हसली नाही.

"आज तुम्ही स्वतः सांगा खात्याच्या माणसांना, दिसत नाही म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर दुपारी मी येऊन सांगते. कुठे पडलात, डोकं आपटलं, तर मी तुमच्या लेकाला काय तोंड दाखवू?"

काका चपला चढवून बाहेर पडले. खिशात मोबाईल होता. काल त्यांची सुट्टी असताना तो दोनदा वाजला होता. गाईडांच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलेलं असणार. सुनेला वाचायला सांगावं, तर ती म्हणणार, तुम्हीच वाचा ना. म्हणून ते तसंच राहिलं होतं.

"चला मंडळी," काकांनी आता टाळी वाजवली. "देवळात दोन गोष्टी ऐकायला मिळतात, इतिहास आणि दंतकथा. इतिहासाला शिलालेख आहे. दंतकथेला मी आहे."

लोक हसले. काका मनात मोजत चालू लागले. सतरा, अठरा, एकोणीस. उजवा हात लांब केला की शिलालेख.

"अठरा वर्षं बांधकाम चाललं, चारशे कारागीर होते. मधे एक दुष्काळ पडला, तेव्हा राजानं काम थांबवलं नाही, उलट वाढवलं. लोकांच्या हाताला काम आणि पोटाला धान्य मिळावं म्हणून. हे सगळं यात कोरलेलं आहे."

"मुख्य कारागिराचं नाव कितव्या ओळीत आहे?" बाईंनी विचारलं.

"सातव्या. शेवटून दुसरा शब्द. पण तो खोडलाय, वाचता येत नाही. का खोडला ते पुढे सांगतो."

पेनचा खर्रकन आवाज झाला. बाईंनी काहीतरी लिहिलं. बरं की वाईट, कळायला मार्ग नव्हता. काकांच्या मानेवरून घामाचा थेंब सदऱ्यात उतरला.

"गाईड, ते वर काय आहे हो?" एका जाड आवाजाच्या गृहस्थानं विचारलं.

वर म्हणजे कुठे? गृहस्थानं बोट दाखवलं असणार. काकांची जुनी युक्ती कामाला आली. पूर्वी लोकांना बोलतं करायला ते ती वापरत.

"आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"हत्तीसारखी सोंड दिसतेय. पण शेपूट माशाची."

"शाबास! मकर तो. पाण्यातला राखणदार. तुमच्यासारखी नजर असली तर गाईड कशाला लागतो?"

गृहस्थाची बायको म्हणाली, "घरात समोरची वस्तू दिसत नाही यांना," आणि पुन्हा सगळे हसले. बाई हसल्या की नाही, ते काकांना कळलं नाही. त्या अगदी जवळ चालत होत्या. एवढ्या जवळ की त्या आपल्या पावलांकडे बघतायत असं काकांना वाटत राहिलं.

"तुम्ही आरसा वापरता म्हणे. का? सगळ्या गाईडांना टॉर्च दिलेत ना?" बाईंनी विचारलं.

"टॉर्चनं एक ठिपका दिसतो आणि बाकी सगळं काळं होतं," काका खिशातून दाढीचा आरसा काढत म्हणाले. "उन्हाचा उजेड कसा मायेनं पसरतो."

दारातून येणारं ऊन मनगटाला गरम लागलं की आरसा कसा धरायचा हे हाताला माहीत होतं. सहा पावलं, पुन्हा सहा, असं सहा वेळा. सातवा खांब, त्याच्यामागच्या भिंतीत कोनाडा. इथं काकांचा आवाज नेहमी आपोआप खाली यायचा.

"आता दंतकथा. मुख्य कारागीर लांबच्या गावचा. बायकोला सांगून आला, देऊळ झालं की परततो. एक वर्ष गेलं, पाच गेली. दरवर्षी निरोप, आणखी एक खांब राहिलाय. इकडे तिचा चेहरा विसरायला होईल म्हणून त्यानं आठवेल तसा तो दगडात कोरला. अठराव्या वर्षी ती स्वतःच चालत आली. केस पिकलेले, पाय सुजलेले. त्यानं तिला इथं आणलं, या कोनाड्यापुढे उभं केलं. म्हणाला, बघ, तुला एक दिवस विसरलो नाही."

काकांनी आरसा फिरवला. सावकाश, डावीकडून, रोजच्यासारखा.

"ही ती. वाट बघणारी. नीट बघा तिच्याकडे. आणि मला सांगा, हसतेय की रडतेय?"

एकतीस वर्षं हा प्रश्न विचारला की मारामारी व्हायची. बायका एक म्हणायच्या, नवरे दुसरं. आज कुणी काही बोललं नाही. काकांना आधी बरं वाटलं, आज कथा चांगलीच भिनली. मग शांतता लांबली. कुणीतरी फिसकन हसलं आणि एका बाईनं "गप्प बसा हो" म्हणून दटावलं.

"काका," अधिकारी बाई हलकेच म्हणाल्या.

त्या एका शब्दात काकांना सगळं कळलं. "मूर्तीला हात लावू नका" असं त्यांनी हजारो लोकांना बजावलं होतं. आता त्यांनी स्वतःच हात पुढे केला. कोनाडा रिकामा होता. तळाशी चुन्याचा भुगा आणि पहारीचे ताजे ओरखडे होते.

"काल दुरुस्तीला नेली," बाई म्हणाल्या. "मागची भिंत ओलावली होती. ग्रुपवर कळवलं होतं सगळ्यांना."

"फोन वाजला होता," काका म्हणाले. "वाचता आला नाही. मला दिसत नाही, बाई. दोन वर्षं झाली. आता तुमचा चेहरासुद्धा दिसत नाही."

काकांना भयंकर लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोला, हलकंही वाटलं. आता पळून जावं तर पंचावन्न पावलं मोजत जावं लागलं असतं.

मघाच्या गृहस्थाची बायकोच बोलली. "पण पुढे काय झालं? ती काय म्हणाली त्याला?"

काकांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग अधिकारी बाईंच्या दिशेनं.

"पूर्ण करा," बाई म्हणाल्या.

"ती म्हणाली, ही कोण? तो म्हणाला, तूच की. ती म्हणाली, ही मी नाही. मी अठरा वर्षं म्हातारी होत होते, ते तू पाहिलंच नाहीस. तुझ्याजवळ ही आहे ना, मग मी कशाला थांबू? आणि आली तशी परत गेली. त्यानं त्याच दिवशी शिलालेखातलं आपलं नाव खोडलं आणि तिच्यामागे निघाला. गाठली की नाही, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून या देवळाला कळस नाही."

गटातला एकही नवरा आज विनोद करायच्या भानगडीत पडला नाही.

लोक पांगल्यावर काकांनी खिशावरचा बिल्ला चाचपला.

"राहू द्या आजचा दिवस," बाई म्हणाल्या. "कागद उद्या पाठवला तरी चालेल."

"नको. काढायचाच आहे तर माझ्या हातानं काढतो."

टाचणी सदऱ्यात अडकली. बाईंनी मदतीला हात पुढे केला असावा, पण काकांनी एक पाऊल मागे घेतलं. थोडा वेळ लागला, पण निघाला. त्यांनी बिल्ला तळहातावर ठेवून पुढे धरला आणि मग विचारलं, "ती कुठे आहे? सातव्या खांबाची?"

"मागच्या शेडमध्ये."

"एकदा हात लावू द्याल?"

शेडमध्ये बाईंनी त्यांना हात धरून नेलं, कारण इथली पावलं त्यांनी कधी मोजलेली नव्हती. मूर्ती गोणपाटावर टेकवलेली होती. काकांची बोटं कपाळावरून खाली आली, नाकाच्या तुटक्या शेंड्यावरून ओठांवर. तिथं ती थांबली. ओठांचे कोपरे वर वळलेले नव्हते, खालीही नव्हते. शेकडो वर्षांनी ओठ पार झिजले होते. तिथं एक सरळ, गुळगुळीत रेघ होती, इतकंच. काकांनी पुन्हा बोट फिरवलं. एकतीस वर्षं ते आरसा फिरवत होते, आणि ती हसत होती, रडत होती. दगडात त्यातलं काहीच नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

दारात चपलांचा ओळखीचा आवाज आला. सून आली होती. तिनं रिकामा खिसा पाहिला असणार, कारण ती काही न विचारता नुसती जवळ येऊन उभी राहिली.

काकांनी खिशातून आरसा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, स्वच्छ झाला की नाही ते न कळताही दोनदा पुसला, आणि बाईंच्या हातात दिला.

"परत बसवाल तेव्हा तोंड दाराकडेच ठेवा तिचं," ते म्हणाले. "आणि जो कुणी नवीन येईल त्याला सांगा, उजेड डावीकडून टाक. डावीकडून टाकला की हसते."

मग त्यांनी सुनेचा हात चाचपडून धरला.