बुरुल-अपाची दुवा

"अपा, तू फक्त हात वर कर. बोलायचं काय, ते रिस्बेकनं लिहून दिलंय," मेलिस म्हणाला आणि त्यानं घडी घातलेला कागद आईच्या चहाच्या वाटीखाली सरकवला.

बुरुल-अपानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोरसोक तळायला घेतलेल्या पिठात तिचे हात कोपरापर्यंत बरबटले होते. "दुवा आता लिहून देतात होय? मग त्यालाच म्हणायला सांग. शिकलेला आहे तो."

"चेष्टा नको गं."

"चेष्टा मी करतेय?"

मेलिस दारातच उकिडवा बसला. चाळीस वर्षांचा बाप्या, तीन पोरींचा बाप, पण आईशी बोलताना अजून नखं कुरतडायचा. हिवाळ्यात वरच्या खिंडीतला बर्फ हटवण्याचं यंत्र तो चालवायचा. चोन-बुलाक गावात पगार हातात पडणाऱ्या नोकऱ्या मोजून अकरा. त्यातली ही एक, आणि ती एसेनकुलसाहेबांच्या मेहुण्यानं दिलेली. साहेबांची खुर्ची जाऊन पाच वर्षं झाली होती, पण रस्तेखात्यात मेहुणा अजून घट्ट बसलेला होता. साहेबांचे असे मेहुणे, भाचे, साडू जिल्हाभर पेरलेले होते. सरकारं बदलली, भिंतीवरचे फोटो बदलले, हे जागचे हलले नाहीत.

"साहेबांचा तो रिस्बेक काय म्हणाला, नीट सांग," अपा म्हणाली.

"म्हणाला, तुझ्या आईनं दुवा दिली तर या हिवाळ्यातही तूच यंत्रावर. नाही दिली तर दुसरा माणूस तयार आहे." त्यानं नखं तोंडातून काढली. "आणि मग मला मॉस्कोला जावं लागेल, अपा. इथं दुसरं काय आहे?"

पीठ मळून झालं होतं, तरी अपा मळतच राहिली. एकच लेक उरला होता जवळ. थोरला गेला तो तिकडचाच झाला. वर्षातून एकदा फोनवर चेहरा दाखवायचा.

आता साहेबांना हिचीच दुवा का हवी, ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी एसेनकुल प्रांताचा प्रमुख होता. त्या शरद ऋतूत तो गावात आला तो फीत बांधलेली एक पांढरीशुभ्र अॅम्ब्युलन्स घेऊन. बुरुल-अपा तेव्हा गावच्या दवाखान्यात नर्स होती. चौतीस वर्षं तिनं तिथं सुया टोचल्या, बाळंतपणं केली, डॉक्टर नसताना डॉक्टरकीही केली. त्यानं कॅमेऱ्यासमोर तिच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. अपा ढसाढसा रडली. मग दोन्ही तळवे पुढे पसरून तिनं त्याला भरभरून दुवा दिली. तुझी पायरी वर चढो म्हणाली, तुझा शब्द मोठा होवो म्हणाली. सगळ्या गावानं ओमिन, तसंच होवो, म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. ते दृश्य आठवडाभर टीव्हीवर दाखवत होते.

गाडी मात्र त्याच संध्याकाळी परत गेली. ड्रायव्हर म्हणाला, कागदपत्रं राहिलीत. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर तीच गाडी पलीकडच्या खोऱ्यात दिसली. तीच फीत, तशीच एक नर्स, तीही रडत होती. एकूण चार गावांना ती एकच गाडी भेट मिळाली. लोकांनी खूप विनोद केले. कुणी म्हणालं, आपल्याकडे निदान दुपारभर तरी होती.

फेब्रुवारीत शेजारच्या तुर्सुनची सून गुलायिम अडली, तेव्हा विनोद बंद पडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकून तिला नेलं. इस्पितळ बेचाळीस किलोमीटरवर. अपा ट्रॉलीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खिंडीच्या अलीकडेच पोरगी गेली, आणि पोटातलं लेकरूही. बावीस वर्षांची होती. पुढं एसेनकुल आणखी मोठा झाला, राजधानीत मंत्री झाला. मग लोक रस्त्यावर उतरले तेव्हा परदेशात पळाला. आता खटला मिटवून परत आला होता आणि निवडणुकीला उभा होता.

गावाला वाटायचं, राजकारणच ते, असंच असतं. अपाला तसं वाटत नव्हतं. तिची दुवा त्याला लागली होती, असं ती मानायची. तोंडातून एकदा गेलेली दुवा परत घेता येत नाही. सात वर्षं हा काटा तिच्या छातीत होता आणि तिनं तो कुणाला दाखवला नव्हता.

---

शाळेच्या मैदानात साहेबांचे तंबू लागले होते. घोडा कापला होता, कढया चढल्या होत्या. तुर्सुन आणि अपा काठी टेकत निघाल्या.

"तू कशाला येतेस?" अपानं विचारलं.

"घोड्याचं मांस कुणी सोडतं का?" तुर्सुन म्हणाली. "त्यानं आपलंच खाल्लंय, आपण त्याचं एक दिवस खाऊ."

थोडं चालून गेल्यावर अपा थांबली. "तुर्सुन, मी हात वर केले तर?"

"तर मीही करीन. सगळं गाव करेल. बायकांत तू सगळ्यांत वडील. तू हात उचललेस की गावानं मत दिल्यासारखंच आहे, हे तो जाणतो, म्हणून तर घोडा कापलाय."

"आणि नाही केले तर मेलिस जातो."

तुर्सुनचा मुलगा, गुलायिमचा नवरा, कधीच मॉस्कोला गेला होता. बायकोला पुरल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि तो निघाला. तुर्सुननं चालायला सुरुवात केली. "मला विचारू नकोस, बुरुल. हे माझ्यावर टाकू नकोस. मी तुझ्या पोराला घालवायची नाही आणि ठेवायचीही नाही."

---

तंबूत साठेक माणसं गोल बसली होती. दारासमोरच्या मानाच्या जागी एसेनकुल बसला होता. वजन वाढलं होतं, केस नीट काळे केले होते. त्याच्या शेजारी त्याचा माणूस रिस्बेक, आणि कोपऱ्यात कॅमेरावाला.

अपा आत येताच एसेनकुल स्वतः उठला. तिला हाताला धरून त्यानं आपल्या बाजूला बसवलं. माणूस गोड होता, हे कबूल करायलाच हवं. नावं त्याच्या जिभेवर असायची. गावातल्या काप्पारआजोबांच्या म्हाताऱ्या घोड्याचीसुद्धा त्यानं नावानं चौकशी केली.

"गुडघे कसे आहेत, अपा? धाकटी नात तिसरीत ना आता?"

"चौथीत."

"बघा, दिवस कसे जातात." मग जरा मोठ्यानं, कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मी जो काही झालो तो या माउलीच्या दुवेनं झालो. परदेशात एकटा होतो, तेव्हा रोज हिचे हात डोळ्यांसमोर यायचे."

अपानं हातातला किमिझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा खाली ठेवला. सात वर्षं जे ती मनाशी म्हणत होती, ते हा हसत हसत सगळ्यांदेखत म्हणत होता.

जेवणं झाली. हात धुऊन झाले. दाराशी पाण्याची झारी घेऊन मेलिस उभा होता. रिस्बेकनं डोळ्यांनी खूण केली आणि एसेनकुलनं दोन्ही तळवे पुढे पसरले. त्याच्यामागोमाग तंबूतल्या सगळ्यांनी पसरले. तुर्सुननंही. साठ माणसं हात उघडे ठेवून अपाकडे पाहत राहिली.

अपाचे हात गुडघ्यांवरच होते.

"अपा," रिस्बेक हळूच म्हणाला, "कागद विसरलात का? मी सांगतो, माझ्यामागून म्हणा."

"नको. मला येते दुवा." ती एसेनकुलकडे वळली. "तुमच्याकडे माझी एक दुवा आधीची आहे. तिचं काय केलंत?"

एसेनकुल हसला. हात तसेच होते. "गाडीचं म्हणताय ना? अपा, तेव्हा वरच घोळ झाला होता. माझ्या शत्रूंनी…"

"गाडीचं मला सगळं ठाऊक आहे. मी गुलायिमचं विचारतेय."

"कोण गुलायिम?"

तो मुद्दाम तसं बोलला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. घोड्यांची नावं पाठ असलेला माणूस रिस्बेककडे पाहू लागला, आणि रिस्बेक कॅमेरावाल्याला हातानं थांब, थांब सांगू लागला.

"माझी सून," तुर्सुन म्हणाली. एवढंच बोलली, आणि तिनं हात खाली घेतले.

आता पंचाईत अशी, की दुवेसाठी उघडलेले हात ओमिन म्हणून चेहऱ्यावरून फिरवल्यावरच खाली येतात. लहानपणापासून हीच सवय. ओमिन झालंच नाही तर ते हात न्यायचे कुठं, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, कारण असं कधी घडलंच नव्हतं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग ट्रॅक्टरवाल्यानं हात खाली घेतले. त्या दिवशी ट्रॉली त्यानंच ओढली होती. मग मास्तरीणबाईंनी. मग एकेक करत बऱ्याच जणांनी. सगळ्यांनी नाही. दहा-बाराजण तसेच बसले. त्यांचीही पोरं कुठंतरी चिकटलेली होती. अपानं त्यांना मनातसुद्धा बोल लावला नाही.

काप्पारआजोबा घसा खाकरून म्हणाले, "बुरुल, पाहुणा आहे. दारात आलाय."

"पाहुण्याला मानानं बसवलं, आजोबा. चहा पाजला. मांस तर त्यानं स्वतःचंच आणलंय. दुवा तेवढी माझी आहे, आणि ती मी देत नाही."

रिस्बेकचा चेहरा उतरला होता. म्हाताऱ्या बाईनं भर सभेत तळहात उलटे केले तर तो शाप, आणि तो सात पिढ्या सुटत नाही, हे शहरात राहूनही तो विसरला नव्हता. "अपा, हात… हात उलटे करू नका हं."

"घाबरू नकोस रे. शाप तरी यांच्यावर कशाला वाया घालवू?" अपा गुडघ्यावर जोर देऊन उठली. "पहिली दुवा परत घेता आली असती तर घेतली असती. ती तुमच्याकडेच राहू दे. दुसरी मिळणार नाही."

एसेनकुलचे हात अजून हवेतच होते. त्यानं ते खाली आणले, टोपी सारखी केली, मग किमिझचा वाडगा उचलला. वाडगा रिकामा होता, तरी तो प्यायला.

दाराशी झारी धरलेल्या मेलिसच्या शेजारून अपा बाहेर पडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

---

"झालं समाधान?" संध्याकाळी तो म्हणाला. "गुलायिम आली परत?"

"नाही."

"मग मिळवलंस काय?"

"मला जमलं नाही, मेलिस. हात उचललेच गेले नाहीत," अपा म्हणाली. तो उठून गोठ्यात गेला. सूनबाईनं भांडी जरा जोरातच आपटली. तिचंही काही चुकत नव्हतं.

सोमवारी यंत्राची चावी काढून घेतली. गुरुवारी रिस्बेक गाडी घेऊन दारात आला. साहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणाला. सभेबिभेची गरज नाही, अपा इथंच अंगणात कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलू देत, शुक्रवारपासून मेलिस कामावर.

मेलिस सरपण फोडत होता. कुऱ्हाड खाली न ठेवता तो म्हणाला, "अपा घरी नाही."

"अरे, खिडकीत दिसतायत की."

"दिसतात ना. पण तुमच्यासाठी घरी नाहीत. पुढच्या गावात बघा. गाडी तिथंही घेऊन गेला होतात."

खिडकीत बसलेल्या अपानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. रडली की हसली, ते तिलाच कळलं नाही. त्या रात्री मायलेक एका ताटात जेवले.

दहा दिवसांनी पहाटे मॉस्कोला जाणारी गाडी आली. सात माणसांच्या गाडीत नऊजण आधीच बसलेले होते. मेलिसनं पोरींचे मुके घेतले, बायकोला दोन शब्द सांगितले. मग तो आईसमोर येऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही तळवे पुढे पसरले. कुंपणापलीकडून तुर्सुन आली आणि तिनंही पसरले.

अपानं हात उचलले. या वेळी सहज उचलले गेले. तुझी वाट मोकळी राहो, ती म्हणाली. सोबत चांगली मिळो. तुझ्या हाताला काम मिळो आणि कामाला मान मिळो. थंडीत कुणी दार उघडो. पोलिसांची नजर तुझ्यावरून घसरो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोटभर जेव, ती म्हणाली, ओल्या मोज्यांत राहू नकोस, भावाला शोध, तो नाही भेटला तरी रागावू नकोस. पुन्हा हॉर्न वाजला. नदीनाल्यांची नावं घेऊन झाली, खिंडीचं नाव घेऊन झालं, बापजाद्यांची नावं घेऊन झाली. मेलिस मान खाली घालून, हात उघडे धरून, थांबून राहिला. अपाजवळ शब्द संपत आले होते, तरी ती एकेक शोधून काढत होती, कारण ओमिन म्हटलं की तो निघणार होता.