भिक्खू नव्हे, गिऱ्हाईक

मी जपानी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण या घरात येणाऱ्या प्रत्येकानं मला पहिल्या नजरेत चिनीच ठरवलंय.

जपानात पायी प्रवासाचा एक जुना रस्ता होता. त्यावरच्या एकेका मुक्कामाचं एकेक चित्र, लाकडात कोरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा दाबून कागदावर उतरवलेलं. त्यातलाच मी एक मुक्काम. माझ्यात संध्याकाळ आहे, खानावळी आहेत, आणि त्यांतल्या बायका वाटसरूंना बखोटीला धरून आत ओढतायत. धंदाच तो, लाजतील कशाला? एक डोक्याचा गोटा केलेलं गिऱ्हाईक ओसरीवर बसून पाय धुऊन घेतंय.

२००३ साली इंग्लंडात, वॉटफर्डच्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकायच्या बाजारात, एका गंजक्या टोस्टरखालून प्रबुद्धनं मला उचललं. हा गृहस्थ आठवडाभर कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, गटारांच्या तक्रारी ऐकतो आणि वीकेंडला धम्मावर भाषणं देतो. चित्र जपानी, डोक्याचा गोटा, म्हणजे भिक्खूच! काय ती विद्वत्ता! त्यानं मला थेट बुद्धमूर्तीशेजारी टांगलं. तीन वर्षं मेणबत्त्या, अगरबत्त्या. धुरानं माझं आभाळ पिवळं पडलं, पण पाहुण्यांपुढे प्रबुद्धचं 'जपानी भिक्खू' हे व्याख्यान काही संपेना. त्या गिऱ्हाइकाला एवढा मान त्याच्या स्वतःच्या बायकोनंही दिला नसेल.

मग २००६ची वैशाख पौर्णिमा आली. आदल्या दिवशी प्रबुद्धची मुलगी कल्याणी आर्टच्या परीक्षेसाठी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली, आणि पान उलटताना त्यात मलाच बघून किंचाळलीच.

"बाबा! हा चित्र मंकचा नाहीये. इट्स अ पब, बेसिकली. हा कस्टमर आहे!"

प्रबुद्धचा चेहरा बघण्यासारखा झाला. उद्या तीस माणसं वंदनेला येणार, आणि त्यातली निम्मी त्याचं हसं व्हायची वाटच बघत असलेली. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि तरातरा निघाला, मागच्या कचऱ्याच्या डब्याकडे! माझी तर पाचावर धारण बसली.

किचनच्या दारात त्याची आई गयाबाई आडवी आली. जालन्याकडची ही म्हातारी रोज माझ्यासमोर चहा घेत बसायची. मला वाटायचं, भोळी बिचारी, भिक्खूच्या दर्शनाला येते.

"कुठं नेऊ राह्यला रे त्याला?"

"आई, तो भिक्खू नाहीये. चूक झाली माझी. लोक हसतील."

"भिक्खू नाही ते मला पयल्या दिवशीच कळलं. भिक्खूला कुनी असं वढतंय व्हय?" गयाबाईनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "पर ह्या बाया बघ. आत ये म्हनतेत. पाय धुतेत. कोन, कुठल्या वस्तीतला, इचारलं का त्यायनी? तुझ्या बापाला गावात पानीसुदिक वरून वतायचे. दाराच्या आत कुनी वढलं न्हाई जल्मात."

प्रबुद्धनं मागचं दार लावून घेतलं. ज्या बायकांना मी जन्मभर हिणवलं, त्यांनाच बघायला ही बाई रोज येत होती, आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली मला.

आता माझी जागा पुढच्या दाराशी, बुटांच्या रॅकवर. गयाबाईचाच हुकूम. गार वारा झोंबतो, तांबडा रंग उडत चाललाय, फार दिवस काढीन असं वाटत नाही. एकच विनंती आहे. कधी या घराची बेल वाजवलीत, तर दारातूनच 'नाही हो, घाईत आहे' म्हणू नका. म्हातारी हात धरून आत ओढील. ओढू द्या तिला.