ज्योत्स्नाच्या चिठ्ठ्या माझ्यातून गेल्या

मित्रांनो, जुना झालोय मी, पण अजून मुका झालेलो नाही. मी संगणक. २००४ साली नाशिकला, इंदिरानगरात ज्योत्स्नाच्या घरी आलो. ती अंबडच्या एका कारखान्यात कारकून. तिच्या आईने, सिंधुबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि अंगावर विणलेलं झाकण घातलं. काय कौतुक होतं माझं!

कारखान्यात काम लवकर उरकावं म्हणून प्रेस मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवलेली. तिथे भिकन नावाच्या कामगाराची तीन बोटं गेली. अपघाताच्या वहीत मात्र 'किरकोळ खरचटले' एवढंच लिहिलं. ज्योत्स्नाने ती वही पाहिली आणि तिला अन्न गोड लागेना. ती निनावी चिठ्ठ्यांतून खरी हकीकत बाहेर वर्तमानपत्रांना कळवू लागली.

त्यासाठी तिने मला इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांच्या साखळीत जोडलं. तिथे जो तो शेजाऱ्याची चिठ्ठी पुढे देतो. त्यामुळे माझ्याकडून आलेली चिठ्ठी माझ्याच घरची, की मी दुसऱ्याची पोचती केलेली, हे कुणाला कळत नाही. पण त्यासाठी परक्यांच्या चिठ्ठ्याही माझ्यातून दिवसभर जायला हव्यात ना!

इथेच घात झाला. ज्योत्स्नाचं काम झालं रे झालं, की सिंधुबाई मला बंद करायला लावायच्या. म्हणायच्या, "दमलं असेल गं बिचारं. उगाच तापवत ठेवू नये."

मी सुरू असायचो तो तेवढाच वेळ, म्हणून माझ्यातून जायच्या त्या फक्त ज्योत्स्नाच्या चिठ्ठ्या. मला ते कळत होतं हो, पण सांगणार कसा? जीव नुसता टांगणीला लागायचा.

आणि माझा शेजारी कोण? चिठ्ठ्या या साखळीतून येतात हे कळल्यावर कारखान्यानेच तिच्यात घुसवलेला संगणक! मी सुरू झालो की चिठ्ठी यायची, बंद झालो की थांबायची. महिनाभर त्यांनी वेळा टिपल्या, मग इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याकडून घर शोधून काढलं. साहेबांनी त्या वेळांचा कागद ज्योत्स्नासमोर ठेवला आणि तिला कामावरून काढलं.

सिंधुबाई माझ्यासमोर बसून रडल्या. "मीच बंद करायला लावत होते गं! मला काय ठाऊक?"

"मला तरी कुठे कळलं, आई?" ज्योत्स्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिकन दारात उभा. "ताई, माझं नाव टाकायचं व्हतं चिठ्ठीखाली. माझं आता काय जायचं राह्यलंय?"



मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण कुणी जीव मुठीत धरून खरं सांगत असेल, तर त्याला एकटं पडू देऊ नका. त्याच्या चिठ्ठीसोबत तुमच्याही चार चिठ्ठ्या जाऊ द्या.