खाजकुयलीचं इंग्रजी

"खाजकुयली हाताळूक माझो हात कोण धरूचो नाय!" असं दीपेशने विजयदुर्गच्या नाक्यावर, चहाच्या टपरीत जाहीर केलं आणि त्या केसाळ शेंगांची पुडी शर्टाच्या खिशात, रुमालाशेजारी ठेवली.

बेत साधा होता. सारिकावयनीने किल्ला बघायला येणाऱ्यांसाठी घरीच खानावळ काढली होती. पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून ती निवृत्त मास्तर भाईंकडे इंग्रजी शिकायला लागली. बाईमाणसाने चाळिशीत इंग्रजी शिकायचं? नाक्याला एवढं पुरलं! ती दिसली की दीपेश देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा महाराजा! आमच्या वयनीच्या तोंडात दोन इंग्लिश दात येवंदेत रे महाराजा!" आणि सगळी टपरी एका सुरात ओरडायची, "व्हय महाराजा!"

काल हे पाहुण्यांसमोर झालं. 'वेलकम' म्हणता म्हणता ती अडखळली, पाहुणेही हसले. तिने घरी जाऊन खानावळीचा बोर्डच उतरवला.

तरी दीपेशचं पोट भरलं नव्हतं. आज तिच्या खुर्च्यांवर त्या शेंगांची खाजरी कुसं शिंपडायची होती. वर एप्रिलचं ऊन. तिच्या अंगणात पोचेपर्यंत गडी घामाने निथळला. त्याने रुमाल काढला आणि तोंड, मान, कान सगळं व्यवस्थित पुसलं. पुडी खिशात कधीच फुटली होती.

"मेलंय गो आये!"

ओरडा ऐकून टपरी धावत आली. दीपेश अंगणात गडाबडा लोळत होता. सारिकावयनीने गोठ्यातून शेण आणलं आणि त्याच्या तोंडाला थापलं. खाजकुयलीला दुसरा उपाय नाही.

"मस्करीच करूची होती गो वयनी," तो शेणातून पुटपुटला.

शिकवणीला आलेले भाई ओट्यावर बसले होते. "आज वयनीक एक शब्द शिकवूचो होतो, नेटल. आता तूय आयक. विलायतेत त्या नावाचा झुडूप आसा. पानार बारीक केस, लागले की अंगाची आग. माणसाक टोचान बोललो तरी तशीच आग होता, म्हणान थंयच्या लोकांनी चिडवण्याकय तोच शब्द लावल्यानी. शब्द कोणाच्या बाजून झालो? जेका खाज सुटता, तेच्या! आणि आपण काय म्हणतो? मस्करी! म्हणजे हसणाऱ्याच्या बाजून!"

"पण भाई, मी तिका कधी हात तरी लावलंय?"

"नेटलाक खंय हात आसत रे मेल्या?"

कोणी हसेना. तेव्हा सारिकावयनीने पदर खोचला आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा! नाक्यार बसान जो कोण बाईच्या शिकण्याक हसतलो, त्याचो रुमाल असोच भरलेलो ऱ्हवांदे रे महाराजा! माझी इंग्लिश मोडकी आसा, पण माझी आसा. ती मी मोडकीच बोलतलंय आणि बोर्ड आत्ताच लावतलंय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज शेणाखालून आला!

"चुकलंय गो वयनी," दीपेश म्हणाला, "आता समाजला, खाज काय ता." आणि तशाच तोंडाने उठून त्याने बोर्ड जागेवर ठोकला.

मंडळी, मस्करी कुठे संपली हे हसणारा नाही ठरवत, ज्याची आग होते तो ठरवतो! तुमच्या नाक्यावर कोणी अडखळत शिकत असेल, तर 'व्हय महाराजा' म्हणण्याआधी आपला रुमाल तपासा.

दीपेशचा शर्ट, खिशातल्या फुटक्या पुडीसकट, त्याच्या आईने, सुभद्राकाकीने, घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर भिजत घातला.